काय उणं पडलं?

बापू गेल्याची बातमी मला तक्रारीच्या सुरात कळली, आणि बापूंना ते फार आवडलं असतं! वर्षभरापूर्वी माझी बदली कल्याणहून ठाण्याच्या मालगोदामात झाली होती. बातमी कळली त्या दिवशी सुट्टी काढून कल्याणला उतरलो, तो फलाटावर खडवलीचा एक ओळखीचा भाजीवाला रिकामी टोपली घेऊन समोर उभा. "काय वो मास्तर, ही काय रीत झाली? आमटीची तक्रार खडवलीपास्नं जपून आणली, आन् खानावळीच्या दाराला कडी! शेजारी इचारलं तर म्हनं, बापू गेलं." एवढं बोलून तो टोपलीकडे पाहत राहिला. त्या टोपलीत आणलेली तक्रार आता कुठं उतरवावी, हे काही त्याला कळेना... आणि मलाही.

ज्यांनी स्टेशनाबाहेरच्या त्या खाणावळीत पान वाढून घेतलं नाही, त्यांना ही रीत सांगायला हवी. आत चुलीपाशी आक्का, म्हणजे बापूंची थोरली विधवा बहीण, आणि बाहेर पंगतीवर बापू. जेवण झालं की बापू स्वतः तांब्या घेऊन मागच्या दारी उभे राहत, पाहुण्याच्या हातावर पाणी घालत आणि विचारत, "काय उणं पडलं?" कसं झालं, असं ते कधीच विचारत नसत. पाहुणा म्हणे, छान झालं. बापू तांब्या तसाच धरून उभे. "ते असू द्या हो. उणं काय पडलं?" पितळेच्या डबीतली सुपारी एक तरी खोट काढल्याशिवाय मिळायची नाही, हा तिथला कायदा! गाडीची शिट्टी झालेली, पाहुणा ओल्या हातानं नाचतोय, आणि शेवटी ओरडतोय, "बरं, ताकात पाणी होतं! द्या सुपारी!" असल्या घाईच्या तक्रारी बापू ऐकून सोडून देत. खरी तक्रार सांगताना माणूस जरासा ओशाळतो, खोटी सांगताना हात पुढं करतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला तिथं मानाचं पान होतं, कारण माझी जीभ तिखट. गोदामातून सुटलो की मी जेवायला जाई आणि नाटकमंडळीत कमावलेला आवाज लावून आक्कांच्या भरल्या वांग्यांवर आरोपपत्र वाची. आतून पळी आपटल्याचा आवाज येई. "त्या मेल्याला म्हणावं, उद्या तूच ये चुलीपुढं!" बापू डोळे मिटून ऐकत, आणि त्या दिवशी सुपारीचं खांड जरा मोठं कातरत.

मग समोरच एक नवी खाणावळ निघाली. तिचा माणूस फलाटाच्या तोंडाशी उभा राहून ओरडे, "तिकडं रोज तक्रारी! आमच्याकडं कुणाचं काही म्हणणं नाही!" आणि गंमत अशी, की त्यात खोटं काही नव्हतं. बापूंच्या मागच्या दारी रोज तक्रारी होतच होत्या, रस्त्यावर ऐकूही येत होत्या. पंगती विरळ झाल्या. शिजवलेला भात उरू लागला. एके दुपारी आक्का चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "बापू, लोक आपल्या मालाची वाखाणणी ऐकवतात, तू निंदा मागून घेतोस. ही चूल विझली तर आपण दोघं जायचं कुठं? आहे कोण आपल्याला?" बापू बराच वेळ तांब्या पुसत राहिले. मग म्हणाले, "आक्का, छान म्हणून गेलेला माणूस परत आला नाही, तर का आला नाही हे मला कोण सांगणार?"

मी ठरवलं, आता रंगभूमीनंच खाणावळ वाचवायची! नाटकातलं पागोटं चढवलं, खांद्यावर शाल टाकली, आणि फलाटावर नाशिककर यात्रेकरू होऊन बापूंच्या आमटीचं असं कीर्तन लावलं, की पाण्याच्या घागरीवाल्यानं घागर खाली ठेवली. शेवटच्या ओळीवर मान वळवतो, तर खांबाआड बापू! सगळं ऐकून घेतलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी हातावर पाणी घालताना विचारलं, "काय उणं पडलं?" मी ऐटीत म्हणालो, "काही नाही. अमृत!" त्यांनी डबी मिटली. "मग सुपारी नाही. विष्णू, या घरात तुझ्या तिखट जिभेची किंमत आहे रे. गोड बोलणारे समोर आहेतच."

पुढं मार्ग निघाला तो एका भांडखोर कापडवाल्यामुळं. बापूंचा भात कच्चा म्हणून त्यानं पूर्वी भर रस्त्यात शिव्या घातल्या होत्या आणि समोरच्यांकडे निघून गेला होता. एकदा तिकडं पंगत भरलेली, म्हणून नाइलाजानं तो आमच्याकडे वळला. बापूंनी काही न बोलता त्याच्या पानावर मऊ, वाफाळता भात वाढला. बाकीच्यांचा मोकळा, याचा मऊ. पहिला घास घेऊन तो थांबला. "लक्षात ठेवलंत होय?" बापू म्हणाले, "एवढ्या मोठ्यांदा सांगितलंत, विसरणार कसा?" तो गृहस्थ फलाटावर गेला आणि त्या ओरडणाऱ्या माणसाच्या नाकासमोर उभा राहून त्याच्याहून मोठ्यानं ओरडला, "मी शिव्या दिल्या, आणि त्यानं त्या ऐकल्या! तुझ्याकडं ऐकतं का कुणी?" इतका जिवंत प्रवेश आमच्या मंडळीला कधी साधला नाही. हळूहळू पंगती भरल्या. आक्कांची चूल राहिली.

शेवटचा भेटलो तेव्हा बापू अंथरुणाला खिळले होते. आक्कांनी पेज भरवली. मी तांब्या घेतला, त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, "काय उणं पडलं?" ते म्हणाले, "मीठ." आक्का उसळल्या, "मेल्या, मीठ बरोबर आहे!" बापूंनी हात पुढं केला, घाईतल्या प्रवाशासारखा. "तक्रार सांगितली... आता सुपारी." चावायची ताकद नव्हती. मुठीत धरून झोपले.

सुतक फिटल्यावर आक्कांनी पुन्हा चूल पेटवली. परवा मी गेलो. वांगी नेहमीसारखीच तिखट. मागच्या दारी आक्काच तांब्या घेऊन आल्या, पाणी घातलं आणि डबी उघडून सरळ पुढं धरली. मी म्हणालो, "आक्का, आधी विचारायचं असतं." त्या पदरानं डबीचं झाकण पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काय रे... काय उणं पडलं?"

इतकी वर्षं त्या दारात माझी वाचा एकदाही अडली नव्हती. त्या दिवशी मी ओले हात घेऊन नुसता उभा राहिलो. कायदा कायदाच. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, आणि डबी मिटली.