पहिली मूठ

"ठेव ती मूठ! खाली ठेव म्हंते ना! शेत नासवशील गं माझ्या भावाचं!"

माझी आत्या बांधावरून ओरडत होती. ती पोशीरला खोकली तर नेरळच्या बाजारात टोपल्या कलंडतात, असा आवाज. चिखलात उभी होती माझी बायको, सुनंदा. हातात आवणाची मूठ, म्हणजे भाताच्या रोपांची जुडी. आमच्याकडे लावणीची पहिली मूठ लेकुरवाळीनं लावायची. आणि सुनंदाची दोन बाळं पोटातच गेली होती. "तिचं पोट धरत नाय," हा आत्याचा निकाल.

मी? मी विनोद केला. "सोड गं आत्ये, हिचा हात लागला तर भाताच्या जागी नुसतं गवत यायचं!" सगळे हसले. सुनंदानं मूठ ठेवली, पाय धुतले नि घरी गेली. पुन्हा ती लावणीला आली नाही.

पुढचं मात्र परवापर्यंत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. तुम्ही म्हणाल, पेबच्या गडावर बिबट्याला विडी पेटवून दिली म्हणणाऱ्याचं काय खरं मानायचं? बरोबर आहे. बिबट्या खोटा. विडीसुद्धा खोटी. पण हे — हे खरं आहे.

त्या लावणीच्या आधीच आम्ही दोघांनी तपासण्या केल्या होत्या, कर्जतला. निकाल ऐकायला मी एकटाच गेलो. सुनंदा खालापूरला, माहेरी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, शुक्राणूंची संख्या उत्तम. तेवढ्यावर माझी छाती माथेरानएवढी! मग त्यांनी चित्र काढलं. "तुमच्या गुणसूत्रांतल्या दोन तुकड्यांनी जागा बदलल्यात. तुमचं काही अडत नाही, सामान सगळं घरातच आहे. पण बीज तयार होताना वाटणी होते. कधी एखादा तुकडा जास्तीचा जातो, कधी जातच नाही. तसा गर्भ बहुतेक टिकत नाही. सुनंदाताईंमध्ये काही दोष नाही. त्यांना हे नक्की सांगा."

काय सांगितलं मी? बोटभर गोष्टीची गाडीभर करणारा मी — दोन शब्द बोललो. "सगळं ठीक."

ठीक? अख्ख्या शिवारात लावणीला तिच्यासारखा हात नव्हता. "अवं, ही रांग हाय का माथेरानचा घाट?" असं मला चिडवायची, नि मागं सरकता सरकता माझीही रांग सरळ करून टाकायची. तीच बाई दर पावसाळ्यात घरी बसून आमच्या भाकऱ्या थापत राहिली. शेतावर पोचेपर्यंत गरम राहायच्या त्या. मी त्या खायचो आणि बिबट्याची गोष्ट सांगायचो.

आत्याला घाबरलो का? नाही हो. लोक माझ्या गोष्टींना हसतात ना — ते मला हसतील, याला घाबरलो. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी.

परवा दुपारी ती पडवीत वाल सोलत होती. समोर बसलो. डॉक्टरबाईंचं चित्र जमिनीवर बोटानं काढलं. डॉक्टरबाई बोलल्या ते सांगितलं, मी गिळलं तेही सांगितलं. काही वाढवलं नाही — आयुष्यात पहिल्यांदा. ती सोलत राहिली. वाल संपले. सालं सुपात भरून ती उठली.

"पयली मूठ यंदा मी लावनार," ती म्हणाली. "आत्यांना तुमी सांगा."