मालूची जागा

माझ्या आयेला कोणी "बिचारी" म्हटलं की मला राग येतो, आणि तिला माझ्याहून जास्त येतो. ठाण्याच्या मच्छीमार्केटात डाव्या हाताची तिसरी जागा, नळाच्या बाजूची, मालूची, म्हणजे माझ्या आयेची. आधी ती आजीची होती. माझे बाबा, कान्हा, गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आये पाटी घेऊन त्या जागेवर जाऊन बसली. "लोक काय बोलतील?" असं आजी म्हणाली. आये म्हणाली, "बोलू देत. बोलून झालं का मावरा घ्यायला माझ्याकडंच येतील." आले पण. सत्तावीस वर्षं येतायत. टेंभी नाक्यावरची माणसं रिक्षा करून येतात आणि ती नसली तर मासे न घेता परत जातात.

मी दक्षता, तिची एकुलती एक. आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात नर्स आहे, पाच वर्षं झाली. यंदा आयेला इकडे बोलावलं. ती कधी येणार? जून-जुलैत, दुसरं कधी! त्या दोन महिन्यांत बोटी समुद्रात जात नाहीत, मार्केटात सुकं आणि बर्फातलं तेवढं मिळतं. "बंदीत येईन, नारली पुनवेच्या आत घरी," ही अट घातली आणि मगच पासपोर्टच्या फोटोला बसली.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मासळीच्या दुकानात काचेमागे हात घालून माशाचा कल्ला उचलला. दुकानदार हां हां करत धावला. आयेने त्याला फिका पडलेला कल्ला दाखवला आणि म्हणाली, "येस्टरडे. नो, नो. डे बिफोर येस्टरडे." मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. पण तो माणूस हसायला लागला. नंतर नंतर तर ती दारात दिसली की तो स्वतःच कल्ला उचलून दाखवायचा, आणि ही मान हलवायची, साहेबीण असल्यासारखी.

पण तिचे गुडघे! जिना चढताना कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. मागच्या गणपतीत मार्केटात चक्कर येऊन पडलेली, हे तिने मला सांगितलंच नव्हतं. शेजारच्या जागेवरच्या नीलामावशीने सांगितलं. मी इथे रोज परक्या म्हाताऱ्यांचे गुडघे सांभाळते, आणि माझी आये तिकडे ओल्या लादीवर दिवसभर बसलेली. जीव तुटायचा माझा.

त्यात माझ्या चुलतभावाच्या बायकोचा, संचिताचा, फोन आला. आये तेव्हा आंघोळीला गेलेली. "ताई, काकी आता परत बसणार का ओ? नाहीतर मी बसले असते." मी काही विचार केला नाही. बोलून गेले, "नाही गं, आता बस झालं तिचं. तूच बस तिथे."

आमच्याकडे मार्केटात जागेचा कागद नसतो. घरातल्या माणसाने शब्द दिला की जागा गेली, आणि आयेच्या घरातलं माणूस म्हणजे मी एकटी. हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? माहीत होतं. संचिताने मंगळवारी तिथे स्वतःचा पाट मांडला आणि मला फोटो पाठवला.

आमचं विमान रविवारचं, दोघींचं. मला तीन आठवड्यांची रजा होती. म्हणजे सांगायला पाच दिवस होते. मंगळवारी म्हटलं, उद्या सांगू. बुधवारी आये सगळ्यांसाठी चॉकलेटं निवडत बसलेली, कसं सांगणार? ती एकदम खुशीत. "सोमवारी उतरायचा, मंगलवारी जागेवर," असं चारदा बोलली. चारही वेळा मी दुसरीकडे बघितलं.

गुरुवारी दुपारी वॉर्डात नोराने मला बाजूला घेतलं. नोरा आमच्या वॉर्डची मुख्य. आयेच्या हातचा तळलेला बांगडा खाऊन दोघींची दोस्ती झालेली. आये तिला मधूनमधून डबा नेऊन द्यायची, दहा मिनिटांवर तर हॉस्पिटल. नोराचा चेहरा पडलेला. म्हणाली, तू परत येणार नाहीस हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं.

"कोण म्हणालं?"

"तुझी आई. सकाळी डबा घेऊन आलेली. म्हणाली, दक्षता इंडिया गो, फिनिश. व्हेरी टायर्ड. यू टेक न्यू गर्ल. गुड गर्ल."

कसंबसं नोराला सांगितलं की तसं काही नाही, आणि ड्यूटी संपल्या संपल्या घरी धावत सुटले. आये स्वयंपाकघरात मासे साफ करत होती.

"आये, तू नोराला काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. बारा तास उभी असतेस. पाय सुजतात तुझे. जेवनाचा ठिकाना नाय. बस झाला आता. दुसरी पोरगी करील."

"अगं पण मला विचारलंस? माझी नोकरी आहे ती! किती परीक्षा दिल्या, किती वर्षं घालवली मी! तू कोण परस्पर देऊन टाकणारी?"

आयेने सुरी खाली ठेवली. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले. "हां," ती म्हणाली. "आता बोललीस."

मला कळायला एक क्षण लागला. जागेचं तिला कळलं होतं.

"नीलाचा फोन आलता परवा," आये म्हणाली. "मी बोलली, बघूया आपली पोरगी सांगते का. दोन दिवस वाट बघितली. तू मना चॉकलेटं दाखवत बसलीस."

"मी तुझ्या भल्यासाठी बोलले गं."

"मी पन तुझ्या भल्यासाठीच बोलली नोराला."

मी खाली बसले आणि रडले, अगदी लहान पोरीसारखी. "तू पडलीस तर? मी इतक्या लांब. मला किती भीती वाटते ठाऊक आहे तुला?"

"मार्केटात पडली तं नीला उचलते, पानी मारते, च्या पाजते. पन्नास बायका हायेत तिथं. घरात बसवशील आन तिथं पडली तं कोन बघंल गो?" ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "तुजा बाप गेला तवा मना त्या जागेनं उभी केली, दक्षू. ती तू फोनवर देऊन टाकलीस, मना न इचारता. दुखला मना."

इतकं सरळ ती कधी बोलत नाही. मी तिचे पाय धरले. "ऊठ," ती म्हणाली, "नायतर माझे गुडघे वाकवायला लागतील." आणि मासे तळायला घेतले.

शुक्रवारी सकाळी ती हॉस्पिटलात जाऊन नोराला म्हणाली, "आय लाय. सॉरी." नोरा पोट धरून हसली, मग तिला मिठी मारली. माझं काम मात्र एवढं सोपं नव्हतं. चारचौघींत गेलेला शब्द चारचौघींतच परत घ्यावा लागतो.

त्याच दुपारी मी व्हिडिओ कॉल लावला; कॉर्कमध्ये एक वाजलेला, ठाण्यात साडेपाच. संध्याकाळचं मार्केट भरलेलं. नीलामावशीने फोन स्पीकरवर टाकून पाटावर उभा केला. सगळ्या गोळा झाल्या.

"बोल गो परदेशवाली! मोठ्यानं बोल!"

"माझी चूक झाली," मी ओरडले. "जागा माझ्या आयेची आहे. ती देण्याचा हक्क मला नव्हता."

गलका झाला. त्यात संचिता हातात पाटी धरून उभी होती. "ताई, तुम्हीच बोललात म्हणून मी..."

"हो गं, मीच बोलले. तुझा काही दोष नाही. माफ कर मला."

आयेने बाजूने तोंड घातलं. "संचिता, रडतेस कशाला? माझ्या आन नीलाच्या मधी तुला सरकून बसवू. मावरा निवडायला शिकवते. तुझी जागा तू कमव, मी कमवली तशी."

नीलामावशी म्हणाली, "माझी अर्धी फली जाईल गो!" आणि सगळ्या हसल्या. संचिताही हसली, डोळे पुसत.

मागून एक खणखणीत आवाज आला. कोण होती दिसलं नाही. "ते सगला ठीक. पन उद्या मालू दमली तं जागा कोनाची? आताच ठरवा. दक्षता, बोल!"

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. फोन आयेच्या हातात दिला.

"दमली का मीच सांगन," आये म्हणाली. "मना तोंड हाय."