जॅकेट पास करणारी जयाक्का

आमच्या जयाक्काला पोहता येत नाही. पाण्याची तिला इतकी धास्ती, की गणपती विसर्जनालासुद्धा ती तळ्यापासून लांब उभी राहून हात जोडते. आणि माझ्या होडीवरची सगळी लाइफ जॅकेटं पास करते तीच. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

मी रविराज. हिडकल धरणाच्या फुगवट्यात माझी एक फायबरची होडी आहे. बेळगावची हौशी मंडळी सुट्टीला गळ टाकायला येतात, त्यांना मी दिवसभर फिरवतो. जॅकेट घाला म्हटलं की एकेकाचं तोंड वाकडं होतं. कुणाला उकडतं, कुणाचा फोटो बिघडतो. पण होडीत पाय ठेवला की जॅकेट अंगात, होडी चालवणाऱ्याच्याही, हा नियम आहे. पटत नसेल त्यानं खुशाल काठावर बसून गळ टाकावा.

जयाक्का वडगावची. घरातला माग बंद पडल्यावर ती शिवणयंत्रावर बसली. उसवलेली जॅकेटं, तुटलेले पट्टे मी तिच्याकडेच देतो. पण तिचा हात लागलेलं जॅकेट पाण्यात घातल्याशिवाय ती परत देत नाही, आणि पाण्यात घालायचं म्हणजे स्वतः अंगात घालून उतरायचं.

पहिल्या खेपेला मी म्हणालो, "आक्का, मी उतरतो की. मला पवायला येतंय."

"म्हणूनच तू नगं. जॅकेट बुडाय लागलं की तुझं हातपाय आपसूक चालणार. मग पास कोण झालं रं, तू का जॅकेट?"

तेव्हापासून काठावर दोर धरायचं काम माझं.

गेल्या आठवड्यात उचगावच्या एका कुटुंबानं रविवारची होडी ठरवली. आजीपासून जावयापर्यंत सगळे येणार होते. त्यांच्यासाठी मी बाजारातून नवीकोरी जॅकेटं आणली, डोळे दिपवणारी नारंगी. पट्टे तेवढे लांब होते, म्हणून आखूड करायला जयाक्काकडे दिली. "नवीन हायत, तपासायचं काय त्यात?" असं मी म्हणालोही. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विहिरीची वाट धरली.

गावाबाहेरच्या शेतात पायऱ्यांची विहीर आहे. जयाक्काच्या सुनेनं, नीलमनं, तिच्या कमरेला दोर बांधून टोक माझ्या हातात दिलं आणि काठावर तीन दगडांवर चहाचं आधण ठेवलं. चहा उकळेपर्यंत ओढायचं नाही, असा जयाक्काचा नेम. होडी उलटली तर लगेच कोण न्यायला येणार आहे, असं ती विचारते.

तिनं डोळे मिटले आणि पायरी सोडली. झकास तरंगली. बघितलंस का, असं मी नीलमला म्हणणार, तेवढ्यात जयाक्काचे खांदे पाण्याखाली गेले. आतला स्पंज पाणी पीत होता. हनुवटी बुडाली, ओठ बुडाले. नीलम किंचाळली आणि आम्ही दोघांनी दोर खेचला.

पायरीवर बसून जयाक्का खोकत राहिली. असलं जॅकेट मी रविवारी कुणाच्या तरी आईच्या अंगात घालणार होतो, वर पट्टा नीट आवळून.

"रविवारचं रद्द करतो, आक्का."

"कशाला? जुनी हायत न्हवं, मी शिवल्याली? तीच परत एकदा पाण्यात घालून बघू."

"हायत गाडीत. पण आज नगं. उद्या बघू."

"उद्या मला धीर व्हायचा न्हाय. आण."

मी विटलेलं जुनं जॅकेट आणलं. तिच्या बोटांना बक्कल लागेना, ते नीलमनं लावलं. नीलम रडत होती. विहिरीत उलट्या उड्या मारणारे बहाद्दर मी उदंड पाहिलेत, मीही त्यातलाच. पण आम्हाला पाण्याचं भय नाही, आमची कसली आलीय बहादुरी! ही बाई आत्ताच बुडता बुडता वर आली होती. पायरी उतरताना तिचे पाय थरथरत होते. तशीच ती उतरली, आणि तिनं हात सोडला.

असली छाती मी आजवर कुणाची पाहिली नाही.

पाणी तिच्या छातीशी थांबलं. थांबलं ते थांबलंच. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. दात वाजत होते.

"ह्ये आजीबाईला घाल," ती पाण्यातूनच म्हणाली. "आता फुडचं आण."