गच्चीवरची उजेडाची खोली

अकोल्याच्या स्टेशन रोडवर सबीहाआपांचा अकरा खोल्यांचा लॉज आहे. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच तो चालवतात. तीन वर्षांपूर्वी समोरच एका मोठ्या कंपनीचं हॉटेल उभं राहिलं आणि आपांकडे नेहमी उतरणारे कापसाचे व्यापारीही तिकडे वळले. ऐन हंगामात निम्म्या खोल्या रिकाम्या राहू लागल्या.

एका सकाळी धामणगावचे व्यापारी पुंजाराम कापसाच्या नमुन्यांच्या पिशव्या घेऊन आपांच्या दारात आले.

"काहून भाऊ, तिकडं जमलं नाही का?" आपांनी विचारलं.

"खोली झकास हाये, आपा. पण नमुने पसरू देत नाहीत, रुई उडते म्हणे. अन् त्या पिवळ्या दिव्यात मी कापसाचा रंग कसा पाहू?"

आपांनी त्यांना चहा दिला आणि त्या थेट गच्चीवरच्या खोलीत गेल्या. तिथं जुन्या गाद्यांचा ढीग होता. दुपारपर्यंत त्यांनी गाद्या हलवल्या, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या पुसल्या आणि लांब टेबलावर काळं कापड अंथरलं. पुंजारामांनी चिमूटभर कापूस ओढून त्यावर तंतूची लांबी पाहिली आणि ते तिथंच मुक्कामाला राहिले.

संक्रांतीपर्यंत बाकीचे व्यापारीही परतले. आता समोरचा मॅनेजरच कापूसवाल्यांना आपांकडे पाठवतो, आणि लग्नाचं वऱ्हाड विचारायला आलं की आपा त्याला फोन लावतात.

"एवढ्या लोकायचं मले झेपत नाही," त्या म्हणतात, "अन् माह्या खोल्या भरल्याच असतात."