सिलोनचं मावंदं

सिलोन हा देश आम्हा घरच्यांना आधी ताटात भेटला, नकाशात नंतर. आत्या कोळवणहून माहेरी, म्हणजे आमच्याकडे माणला आली की देवीपुढे फोडलेल्या नारळाचं दूध काढायची. त्यात आंबेमोहोर मऊ शिजवायची, ताटात थापायची आणि शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडायची. सोबत लाल मिरचीचा ठेचा. "घ्या, सिलोनचा भात," म्हणायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असा भात करतात. एका मैत्रिणीची आई तो बघून "अगं बाई, भाताच्या वड्या?" म्हणाली, तेव्हा कळलं की हे आमच्याच घरचं खूळ आहे.

खूळ आणलं होतं आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडलांनी, तिच्या आबांनी. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीबरोबर सिलोनला होते. परत आले ते गोष्टी घेऊनच. तिकडं आपल्या म्हशी डुंबतात तसे हत्ती नदीत डुंबतात. भाताची खाचरं डोंगरावरून पायरीपायरीनं उतरतात, थेट आपल्या कोळवणासारखी. सणावाराला नारळाच्या दुधात भात शिजतो. पारावर बसलेली मंडळी हे ऐकून फिदीफिदी हसायची. "काय सिलोनवाले, आज किती हत्ती धुतले?" आजोबाही हसायचे. आत्या मात्र एवढीशी असल्यापासून त्यांच्या वतीनं भांडायची. तिला त्यांनी कबूल केलं होतं, "पोरी, तुला एकदा सिलोन दाखवीन." ते राहून गेलं आणि आजोबाही गेले.

पुढे सिलोन नकाशातूनच गेला. ते कसं, हे मी फार उशिरा वाचलं. मूळ शब्द सिंहल. अरबी खलाशांनी त्याचं सैलान केलं, पोर्तुगीजांनी आणखी काही, इंग्रजांनी सिलोन. ज्याची जीभ जशी वळली तसं. शेवटी बहात्तर साली त्या देशानं हे उसनं नाव टाकलं आणि श्रीलंका हे नाव घेतलं. बरोबरच केलं, आपलं नाव आपणच ठरवावं. पण झालं काय, आमच्या गावातल्या एका शहाण्यानं पोराचं नव्या नकाशांचं पुस्तक आणून आत्यापुढे धरलं. "दाखव गं, तुझ्या बापाचा देश कुटं हाय?" आत्यानं सगळी पानं पालथी घातली. सिलोन नव्हता. त्या घरचं पाणी ती त्यानंतर कधी प्यायली नाही.

आत्याचे यजमान वारल्यावर मी तिला माणला घेऊन आले. कोळवणची शेती तिची धाकटी जाऊ बघते. मी बिनलग्नाची, आत्या बिननवऱ्याची, आणि वरच्या खोल्यांत कंपन्यांत जाणारी भाडेकरू पोरं. मजेत चाललं होतं आमचं. आत्या ऐंशीला टेकली तेव्हा मी म्हटलं, आता नाही तर कधी? कोलंबोची दोन तिकिटं काढली आणि तिला म्हटलं, "चल, सिलोनला जाऊ."

बाई नाचायचीच बाकी राहिली हो! पासपोर्टच्या फोटोला नाकात नथ घालून बसली. नऊवारी लुगड्यांच्या घड्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. भाजीवालीला, दूधवाल्याला, जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली.

आणि तिथंच घात झाला. वरच्या खोलीतला कानपूरचा पोरगा जिना उतरता उतरता मोठ्या कौतुकानं म्हणाला, "अरे वा आत्याजी, लंका जा रही हैं!"

आत्या तशीच आत आली आणि पिशवीतली लुगडी काढून कपाटात ठेवायला लागली.

"अगं काय झालं?"

"कुटं नेतीयास मला? लंकेला? त्या रावणाच्या?"

"तीच गं आत्या. सिलोन म्हणजेच श्रीलंका. नाव बदललंय नुसतं."

"आबांना रामायण तोंडपाठ व्हतं. लंकेत राहून आले असते तर पारावर पयलं तेच सांगितलं असतं. हत्ती कशाला सांगत बसले असते?"

मी मोबाईल दाखवला, नकाशा दाखवला, सिंहल-सैलान सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे एक तर तू मला भलतीकडं नेतीयास, न्हाईतर माझा बाप जन्मभर थापा मारत व्हता. काय ते एकदा ठरीव."

मीही त्याच आजोबांची नात. माझंही डोकं फिरलं. "मग बस इथंच! मी एकटी जाते आणि हत्ती बघून येते!" असं म्हणून मी स्वयंपाकघरात भांडी आदळली. देश खरा होता, आजोबा खरे होते आणि तरी मला ते सिद्ध करता येत नव्हतं. न जाता राहिली असती, तर उरलेलं आयुष्य बापावर संशय घेत बसली असती. आणि तो संशय मी घरात आणला होता, तिकिटं काढून.

निघायच्या दिवशी सकाळीही लुगडी कपाटातच होती. तेवढ्यात कोळवणहून जावेचा फोन. बातमी प्रवासी जीपमधल्या कुणाच्या तरी तोंडून तिथं पोचली होती. आत्याला कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्यानं बोलतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. जाऊ रडत होती.

"आक्का, लंकेला चाललाय म्हणं? नगा जाऊ! टीव्हीवर बघितलंय मी, लई बाँब फुटत्यात तितं. तुमचं काय झालं म्हंजे मी काय करू?"

आत्या क्षणभरही थांबली नाही. "अगं येडी का खुळी तू? लंकेला कोण चाललंय? मी सिलोनला चाललेय."

"सिलोनला व्हय?" जावेनं नाक ओढलं. "आबा व्हते तितं?"

"तितंच."

"मग जावा बाई. मला कुणी सांगितलं लंका म्हणून! जपून जावा."

आत्यानं फोन ठेवला आणि पदराचं टोक तोंडाला लावून बसून राहिली. मला वाटलं, हिला काही होतंय की काय. मी पाणी घेऊन धावले. ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आबांनी बी असंच केलं असंल गं."

"कसं?"

"माझी आज्जी लई भित्री. एकुलतं एक पोरगं लढाईला लंकेत गेलंय म्हणल्यावर तिनं अन्नपाणी सोडलं असतं. मग सायबाच्या तोंडचं नाव सांगितलं तिला. सिलोन. तिला काय कळतंय सिलोन कुटं ते? आणि एकदा आईला सांगितल्यावर पारावर तरी लंका कसं म्हणावं? घरी पोचलंच असतं." मग तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे गळायला लागले. "थापाड्या न्हवता माझा बाप. पर लबाड व्हता, लबाड!"

मी तिला मिठीच मारली. मग दोघींनी मिळून लुगडी परत पिशवीत कोंबली, कारण गाडी दारात येऊन हॉर्न वाजवत होती.

तिथलं सगळं सांगत बसत नाही. हत्ती नदीत होते. आत्या काठावर उभी राहून गोऱ्या पाहुण्यांना मराठीत सांगत होती, "माझ्या बापानं आदीच सांगितलं व्हतं." दुसऱ्या दिवशी न्याहारीला केळीच्या पानावर शुभ्र भाताच्या वड्या आल्या, शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या, शेजारी लाल मिरचीची चटणी. ती एवढ्या मोठ्यानं हसली की आचारी बाहेर येऊन बघायला लागला.

परत आल्यावर तिनं मावंदं घालायचं काढलं. काशी करून आलेली माणसं गावाला जेवू घालतात, ते मावंदं. मी म्हटलं, आत्या, ही काय काशी आहे? तर म्हणाली, "माझी हीच काशी." कोळवणात, घरापुढच्या खळ्यावर मांडव पडला. माणहून पारावरच्या मंडळींची पोरं-नातवंडं आली. नकाशावाल्याच्या सुनेला आत्यानं बळंबळं दोन वड्या जास्त वाढल्या आणि तिच्याच हातून पाण्याचा तांब्या मागून घेतला.

पंगती उठल्यावर दोघी जावा ओट्यावर टेकल्या. जावेनं विचारलं, "आक्का, तितनं लंका लांब हाय का?"

आता सांगते की काय ही!

"लांब न्हाई. लागूनच हाय," आत्या म्हणाली.

"बघितली?"

"बघितली. कोळवणावानीच हिरवीगार हाय. आबा म्हणायचे तशीच."

"भ्या न्हाई ना वाटलं?"

"न्हाई. गरीब हायेत गं माणसं. आपल्यावानीच भात खात्यात."

जाऊ खाचरांकडं बघत म्हणाली, "मग म्होरल्या बारीला मलाबी न्या की."

आत्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दाखवीन," म्हणाली, "तुला सिलोन बी दाखवीन आन लंका बी."