काकीचे मंगळवार

आमच्या काकीच्या अंगात मंगळवारी देवी यायची आणि गूळखोबरं तोंडात पडलं की शांत व्हायची. आमच्या कुडपण गावात याचं कुणाला नवल नव्हतं. दिवसभराचा कडक उपास, ओट्यावर बायांची गर्दी. काकी घामानं भिजायची, थरथरायची, काहीबाही बोलायची आणि बाया त्यातून हरवलेल्या म्हशीचा पत्ता काढायच्या.

एरवी काकी भलतीच रोखठोक. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी रुसून बसले की ताट पुढं सरकवायची. म्हणायची, "आधी जेव, मग रड. उपाशी रडण्यात जोर नाय येत." स्वतःच्या उपासाला मात्र हा नियम लागू नव्हता!

एकदा ती महाडला माझ्याकडं आली होती. मंगळवारी सकाळी उठवायला गेले, तर अंग घामानं थबथबलेलं आणि ती मलाच ओळखेना. मला मधुमेह आहे, साखर तपासायचं यंत्र घरातच असतं. तिच्या बोटाला सुई टोचली आणि यंत्रावरचा आकडा पाहून माझीच बोबडी वळली. साखर पार तळाला गेली होती. घाईघाईनं ओठांना आणि हिरड्यांना मध चोळला. थोडी हुशारी आल्यावर गुळाचं पाणी पाजलं. काकी उठून बसली नि म्हणाली, "देवी आली व्हती काय गो?"

मुंबईच्या डॉक्टरांना तिच्या स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ सापडली. तिच्यातून इन्शुलिन वारेमाप पाझरत होतं, त्यामुळं उपाशीपोटी साखर कोसळायची. असंच चाललं तर एक दिवस ती शुद्धीवर येणार नाही, असं ते म्हणाले. पोट फाडायचं तर हृदय कमजोर. मग त्यांनी लेझरचा उपाय सुचवला. तोंडातून दुर्बीण पोटात न्यायची, तिच्यातून सुई गाठीत, सुईतून केसासारखी बारीक तार, आणि गाठ जागच्या जागी जाळायची. पद्धत नवी आहे, धोका आहे, हेही त्यांनी लपवलं नाही.

धोक्याला काकी घाबरली नाही. तिचं दुखणं वेगळंच होतं. "पोरं मुंबईला. देवीच्या निमित्तानं बाया दारात येतात. ती गेली तर माझ्याकडं कोण येल गो?" मी म्हटलं, "काकी, मला तू पायजेस. देवीचं देवी बघेल." ती बराच वेळ माझा हात कुरवाळत राहिली आणि मग तयार झाली.

गाठ जळाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काकीनं पुन्हा मंगळवार धरला. मी यंत्र घेऊन शेजारी बसले. ओटा भरला. दिवस कलला तरी देवी येईना. काकी मान खाली घालून बसलेली. अखेर शेजारची पारूमावशी पाय पसरत म्हणाली, "नाय तर नाय! बाय, चा तरी टाक."

काकी चुलीपाशी गेली आणि तिला हुंदका फुटला. मी कप तिच्या हातात दिला. "आधी चहा पी, मग रड."

त्या डॉक्टरांचे उपकार मी कसे फेडू? त्यांच्यामुळं काकीचे पुढचे कितीतरी मंगळवार बायांच्या गप्पांत गेले. गेल्या वर्षी ती म्हातारपणानं, झोपेतच गेली. दिवसकार्य आटोपलं आणि पुढच्या मंगळवारी बाया नेहमीसारख्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा मी टाकला.