दुसऱ्याच्या नावाची सायकल

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. निवृत्तीनंतर, अंगावर पोलिसाची वर्दी नसताना, जपानमध्ये हाती आलेलं हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं.

मी मुलीकडे निशी-कसाईला, तिथल्या भारतीयांच्या वस्तीत, राहायला गेलो होतो. एका संध्याकाळी जावई सुजलेलं मनगट घेऊन घरी आले. खबर मुलीने दिली. जपानमध्ये सायकलीचीही पोलिसांकडे मालकाच्या नावाने नोंदणी असते. स्टेशनजवळ पोलिसांनी सायकल तपासली, नोंदणी दुसऱ्याच्या नावावर निघाली आणि चोर समजून त्यांना जमिनीवर दाबून धरलं. खुलासा झाल्यावर सोडलं. भारतात परतणारी कुटुंबं कुकरपासून सायकलीपर्यंत सगळं मागे राहणाऱ्यांना देऊन जातात. जावयांची सायकलही तशीच आलेली. नोंदणी बदलायचं कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अशा वागणुकीविरुद्ध परदेशी रहिवाशांचा रविवारी मोर्चा होता. जावयांनी तिथे बोलावं, असा आयोजकांचा आग्रह होता. पण कायमच्या वास्तव्याचा अर्ज नुकताच केलेला.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, बाबा," मुलगी म्हणाली.

मी जावयांना समोर बसवलं. जावई असले म्हणून जबाब सुटत नाही.

"पळालात?"

"नाही, बाबा."

"हात कुठे होते?"

"हँडलवर. मी रेझिस्ट केलंच नाही. रहिवासाचं कार्डपण दाखवलं."

फिरवून फिरवून तेच विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी नवा तपशील घालतो. यांनी घातला नाही. हात न उचलणाऱ्याला जमिनीवर पाडायचं काय कारण? मला संताप आला.

"बरोबर कोण होतं?"

"ऑफिसमधला सहकारी. जपानी. तोही सायकलवर."

"त्याची तपासली?"

"नाही."

"लावा त्याला फोन."

त्यांनी फोनवर नोंदणीचं विचारलं. मग जावई माझ्याकडे वळले. "बाबा, त्याची सायकल त्याच्या बहिणीच्या नावावर आहे."

रविवारी जावई बोलले. अर्जाचं काय होईल ठाऊक नव्हतं, तरी बोलले. मुलगी माझा हात घट्ट धरून उभी होती. मोर्च्याच्या कडेने पोलीस शिस्तीत चालत होते. तो सहकारी सायकल घेऊनच आला होता. एका तरुण पोलिसापुढे ती उभी करून तो कमरेत वाकला. त्यांचं बोलणं मुलगी मला मराठीत सांगत होती.

"ही माझ्या नावावर नाही. तपासा."

पोलीस गोंधळला. रस्ता अडतोय, पुढे चला, एवढंच म्हणाला.

पकडलेल्याला काय विचारावं, हे नोकरीने शिकवलं. शेजारच्याला का सोडलं, हेही तितकंच कसून विचारायचं असतं, ते या प्रकरणाने शिकवलं. मोर्चा संपेपर्यंत तो भला माणूस दिसेल त्या पोलिसापुढे सायकल उभी करत होता. एकानेही ती तपासली नाही.